विश्लेषण : वाघ दिसला नाही म्हणजे काहीच दिसलं नाही? उमरेड-कऱ्हांडल्यातल्या गर्दीमागचं गणित

३१ डिसेंबर २०२४ ला उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात गोठणगावच्या सफारी मार्गावर 'एफ-२' नावाची वाघीण पाच बछड्यांसह रस्त्यावर आली. दोन्ही बाजूंनी पर्यटकांच्या जिप्सी येऊन थांबल्या आणि मधे अडकलेल्या वाघिणीला वाट उरली नाही. त्याच्या चित्रफिती दोन दिवसांत राज्यभर फिरल्या. वनविभागाने जिप्सीचालक आणि गाईड यांना निलंबित केलं, दंड लावला. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने या प्रकाराची स्वतःहून दखल घेतली.

त्यानंतरची चर्चा शिक्षा पुरेशी होती की नाही यावरच फिरत राहिली. ती व्हायलाच हवी होती. पण एका लहानशा जंगलात एकाच वेळी, एकाच वळणावर एवढ्या गाड्या का पोहोचतात, हा प्रश्न तिथेच राहिला. त्याचं साधं उत्तर असं की फाटकातून आत जाणारा जवळजवळ प्रत्येक माणूस एकच प्राणी पाहायला आलेला असतो.

हे जंगल आहे तरी केवढं?

नागपूरहून उमरेडमार्गे नागभीडकडे जाणाऱ्या रस्त्यावर भिवापूर लागतं. भिवापूर म्हटलं की आधी आठवते ती लाल मिरची. तिला भौगोलिक मानांकनही मिळालेलं आहे. पण याच भिवापूर तालुक्याचा काही भाग, शेजारचे उमरेड आणि कुही तालुके आणि भंडारा जिल्ह्यातला पवनी तालुका मिळून २०१२ मध्ये हे अभयारण्य जाहीर झालं. क्षेत्र सुमारे १८९ चौरस किलोमीटर. ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाचा गाभा आणि बफर धरून पसारा १,७०० चौरस किलोमीटरच्या वर जातो. त्याच्या तुलनेत कऱ्हांडला म्हणजे वाटेतला थांबा.

आणि त्याचं महत्त्वही थांबा म्हणूनच आहे. दक्षिणेला ताडोबा आणि ब्रह्मपुरीचं जंगल, पूर्वेला वैनगंगेपलीकडे नवेगाव-नागझिरा, पश्चिमेला बोर, उत्तरेला पेंच. यांच्या मधे कऱ्हांडला आहे. २०२२ च्या व्याघ्रगणनेनुसार महाराष्ट्रात ४४४ वाघ आहेत आणि त्यातले बहुतेक विदर्भातच आहेत. वयात आलेल्या वाघाला स्वतःचं क्षेत्र शोधायला घर सोडावं लागतं, तेव्हा असे लहान जंगलाचे तुकडे त्याला पुढच्या जंगलापर्यंत पोहोचवतात.

'जय' याच वाटेने आला. नागझिऱ्यात जन्मलेला हा नर २०१३ मध्ये शंभराहून अधिक किलोमीटर चालून, नदी आणि महामार्ग ओलांडून इथे पोहोचला. 'शोले'तल्या जोडीवरून त्याचं नाव पडलं होतं. त्याच्यामुळे कऱ्हांडला देशाच्या पर्यटन नकाशावर आलं. एप्रिल २०१६ मध्ये त्याच्या रेडिओ कॉलरचे संकेत बंद झाले आणि त्यानंतर तो कुणालाच दिसला नाही. जय गेला आणि पर्यटकांचा ओघही ओसरला. एका प्राण्यावर उभं असलेलं पर्यटन किती कच्चं असतं, हे या भागाने तेव्हाच पाहिलं होतं. पुढे एफ-२ आली, पाच बछडे झाले, आणि गाडी पुन्हा त्याच रुळावर गेली.

गर्दी एकाच वळणावर का होते?

सफारीतला पहिला प्रश्न ठरलेला असतो, 'सायटिंग होईल ना?' परत आल्यावर दुसरा, 'सायटिंग झालं का?' सायटिंग म्हणजे काय पाहणं, हे कुणी सांगावं लागत नाही. रानगवा दिसला तर कुणी 'सायटिंग झालं' म्हणत नाही.

गाईड आणि जिप्सीचालक ही बहुतेक आजूबाजूच्या गावांतली मुलं. त्यांना प्रत्येक फेरीमागे ठरलेले पैसे मिळतात, पण वाघ दिसला की टिप वेगळी असते आणि पर्यटकाच्या चेहऱ्यावरचं समाधानही वेगळं असतं. नाही दिसला तर इंटरनेटवर वाईट शेरा पडतो. त्यामुळे एका गाडीला वाघ दिसल्याचं कळलं की बाकीच्या तिकडे वळतात. प्रत्येक चालक आपापल्या जागी व्यवहाराने वागत असतो आणि सगळे मिळून वाघिणीला कोंडतात.

व्याघ्र प्रकल्पांतल्या पर्यटनासाठी राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाची २०१२ ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. प्राण्यापासून किमान २० मीटर अंतर ठेवावं, एकाच रस्त्यावरच्या दोन गाड्यांत ५० मीटर अंतर असावं आणि प्राण्याला घेरू नये, असं त्यात स्पष्ट लिहिलं आहे. म्हणजे नियम आहेतच. पण नियम गाडीला लागू होतात, आणि गाडीत बसलेल्या सहा जणांची अपेक्षा त्यात कुठेच येत नाही. दंडाने चालक घाबरेल, पण मागच्या सीटवरून 'थोडी पुढे घ्या ना' म्हणणारा माणूस पुढच्या आठवड्यात दुसरा असतो.

मग या जंगलात दुसरं काय आहे?

पुष्कळ आहे, आणि त्यातलं बरंच वाघापेक्षा दुर्मीळ आहे.

रानकुत्र्यांपासूनच सुरुवात करू. तांबूस अंगाचे, झुपकेदार काळ्या शेपटीचे हे कुत्रे भुंकत नाहीत, शीळ घालून एकमेकांना हाक देतात. टोळीने आणि दिवसाउजेडी शिकार करतात, म्हणजे सफारीच्या वेळेत ते दिसू शकतात. शिकार झाली की आधी पिल्लांना खाऊ देतात, मोठे मागे थांबतात. जगभरात त्यांची संख्या घटली असून आंतरराष्ट्रीय यादीत ते संकटग्रस्त म्हणून नोंदलेले आहेत. पन्नास वर्षांपूर्वीपर्यंत त्यांना उपद्रवी समजून मारलं जाई. आजही बऱ्याच पर्यटकांना 'कुत्रे दिसले' म्हणजे सफारी वाया गेली असं वाटतं.

रानगवा हा जगातला सर्वांत मोठा रानगोवंश. काळपट, चकचकीत, खांद्यावर उंचवटा आणि चारही पायांत पांढरे मोजे घातल्यासारखे. एवढं धूड, पण बांबूत शिरलं की दहा पावलांवर दिसेनासं होतं. अस्वलाची मादी पिल्लांना पाठीवर बसवून फिरते, अंगावरच्या दाट केसांना धरून ती घट्ट बसतात. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं गळायला लागली की अस्वल, चितळ, वानर आणि माणूस सगळेच एका झाडाखाली येतात. भल्या पहाटे मोहफुलं वेचायला गेलेल्या बाईची आणि अस्वलाची गाठ पडते तीही तिथेच, हे या गोड चित्रासोबत सांगायला हवं.

वानर आणि चितळ यांची भागीदारी पाहायला तर नशीब लागत नाही, थांबावं लागतं. वानरं वर बसून पानं-फळं तोडतात, अर्धी खातात, अर्धी टाकतात. खाली चितळ ती वेचतात. शिकारी दिसला की वरून वानर खाकरतं आणि चितळांची शेपटी उभी राहते. सांबराने ठणठणीत साद दिली की गाईड गाडी थांबवतो, कारण सांबर सहसा उगाच ओरडत नाही. म्हणजे वाघ शोधायचा असला तरी आधी या 'दुय्यम' प्राण्यांचंच ऐकावं लागतं. ज्याला वानराची साद ओळखता येते, त्याला वाघ दिसण्याची शक्यताही जास्त.

काही प्राणी मात्र सफारीत जवळजवळ दिसतच नाहीत. उडती खार त्यातली एक. पुढच्या आणि मागच्या पायांमधली कातडी पसरून ती एका झाडावरून दुसऱ्यावर तरंगत जाते, पण फक्त रात्री. दिवसभर जुन्या झाडाच्या ढोलीत झोपलेली असते. चांदी अस्वल हे नावाने अस्वल असलं तरी अंगाने लहान, पाठ पांढरट, पोट काळं आणि स्वभावाने कमालीचं धीट. तेही रात्रीचं. खवल्या मांजर हे त्याहून विलक्षण. तोंडात दात नाहीत, लांब चिकट जिभेने वाळवी आणि मुंग्या खातं आणि संकट आलं की स्वतःचा चेंडू करून बसतं. वाघ-बिबट्यापुढे ही युक्ती चालते. माणूस मात्र तो चेंडू उचलून पोत्यात टाकतो. खवल्यांच्या तस्करीमुळे हा प्राणी जगभर धोक्यात आहे. या तिन्ही प्राण्यांचं अस्तित्व कऱ्हांडल्यात नोंदलेलं आहे.

पक्ष्यांचं तर वेगळंच जग. स्वर्गीय नर्तकाचा नर पांढरा शुभ्र, शेपटीला दोन लांब फिती, नाल्याकाठच्या सावलीत दिसला की माणूस क्षणभर बोलायचं विसरतो. मादी आणि तरुण नर तांबूस असतात, त्यामुळे अनेकांना तो वेगळाच पक्षी वाटतो. भृंगराज दुसऱ्या पक्ष्यांच्या नकला करतो. राखी धनेशाची मादी वीण सुरू झाली की झाडाच्या ढोलीत स्वतःला लिंपून घेते, एवढीशी फट ठेवते आणि आठवडेच्या आठवडे नर तिला त्या फटीतून फळं भरवतो. त्यासाठी ढोली असलेलं म्हातारं झाड लागतं. नवी रोपं कितीही लावली तरी त्या झाडाची जागा भरून निघत नाही. उडत्या खारीलाही तेच झाड लागतं.

नवरंग हा छोटा, आखूड शेपटीचा, नावाप्रमाणे अंगावर सगळे रंग घेऊन आलेला पक्षी मे अखेरीस, जूनमध्ये मध्य भारतात येतो आणि पावसाळ्यात इथेच घरटं करतो. पण पावसाळ्यात सफारी बंद असते. त्यामुळे विदर्भातला बहुधा सर्वांत देखणा पाहुणा तिकीट काढणाऱ्यांना फारसा दिसत नाही. जंगलकाठच्या शेतात रोवणीला आलेल्यांना मात्र त्याची दोन सुरांची शीळ रोज ऐकू येते.

फाटकाबाहेर पाहण्यासारखं काही आहे का?

इथे नावांचा विषय काढायला हवा. मारुती चितमपल्ली यांनी वनखात्यातल्या नोकरीत आणि त्यानंतर विदर्भातल्या जंगलांत पक्ष्या-प्राण्यांची मराठी आणि आदिवासी बोलींतली नावं गोळा केली, 'पक्षीकोश' सिद्ध केला. २०२५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी जूनमध्ये ते गेले. ज्याचं नाव ठाऊक नाही तो पक्षी बहुतेकांना दिसतच नाही, म्हणून या कामाचं मोल मोठं आहे.

भिवापूरच्या परिसरात नावं ठाऊक असणाऱ्याला तिकीट न काढताही बरंच दिसतं. दसऱ्याला ज्याचं दर्शन शुभ मानतात तो नीलकंठ विजेच्या तारेवर बसलेला असतो. उडाला की पंखांतला निळा रंग उघडतो. शेतातले किडे, नाकतोडे हा त्याचा आहार, त्यामुळे दसऱ्याच्या एका दिवसापलीकडेही तो शेतकऱ्याच्या उपयोगाचा आहे. वड-उंबर पिकले की राज्यपक्षी हरियाल थव्याने येतो. पिवळ्या पायांचा हा हिरवा पारवा पानांत असा मिसळतो की फळं खाली पडायला लागल्यावरच तो वर आहे हे कळतं. फेब्रुवारी-मार्चमध्ये पळस फुलला की एकेका झाडावर साळुंक्या, पोपट, बुलबुल, कोतवाल, शिंजीर यांची जत्रा भरते. हिवाळ्यात गोसेखुर्द धरणाचं पाणी आणि जिल्ह्यातले मालगुजारी तलाव परदेशी बदकांनी भरतात. चक्रवाकाची नारिंगी जोडी लांबूनही ओळखू येते. हिमालय ओलांडून येणारे पट्टकादंब हंसही नागपूर जिल्ह्यातल्या तलावांवर उतरतात.

यातल्या कुठल्याच दृश्यासाठी जिप्सी लागत नाही, आणि म्हणूनच त्यातून आज कुणाला फारसं उत्पन्नही मिळत नाही.

गावकऱ्यांना हे प्राणी गोड वाटतात का?

सगळे नाही, आणि नेहमी नाही. पर्यटकाला मोहक वाटणारं चितळ शेतकऱ्यासाठी हरभऱ्याचे शेंडे खुडणारं जनावर आहे. रोह्याचा कळप एका रात्रीत तुरीची वाट लावतो. रानडुकरं धान आणि भुईमूग खातात त्यापेक्षा जास्त तुडवतात. हंगामात लोक रात्र-रात्र शेतात जागलीला असतात. दिवसा काम, रात्री जागरण, आणि तरी सकाळी नुकसान. या थकव्यातून काही जण कुंपणाच्या तारेत थेट वीज सोडतात.

सौर कुंपण आणि ही तार यांत फरक आहे. सौर कुंपणात थांबून-थांबून झटका बसतो, जनावर मागे फिरतं, मरत नाही. घरगुती वाहिनीचा प्रवाह सतत असतो आणि तो चिकटलेल्या जिवाला सोडत नाही, मग तो डुक्कर असो, वाघ असो की माणूस. जयचा बछडा श्रीनिवास २०१७ मध्ये नागभीडजवळ अशाच वीजप्रवाहाने मेला. ती तार वाघासाठी लावलेली नव्हती.

विषाची गोष्ट वेगळी. गाय किंवा वासरू मारलं गेलं की रागाच्या भरात त्या कलेवरावर विष टाकलं जातं आणि उरलेलं खायला परतलेला वाघ मरतो. डिसेंबर २०१८ च्या अखेरीस याच अभयारण्यात दोन वाघ विषबाधेने मेलेले सापडले. १ जानेवारी २०२१ ला एक वाघीण आणि तिचे बछडे तसेच मेलेले सापडले. योगायोगाने एफ-२ चा प्रसंगही वर्षअखेरचाच. शहरातून नववर्षाची गर्दी येते त्याच दिवसांत गावात पिकं उभी असतात आणि जनावरं रानात चरत असतात.

राज्य सरकार भरपाई देतं. वन्यप्राण्याच्या हल्ल्यात माणूस दगावला तर वारसांना २५ लाख रुपये, आणि गाय, बैल किंवा म्हैस मेली तर बाजारभावाच्या ७५ टक्के किंवा ७० हजार रुपये, यातली कमी असेल ती रक्कम. आकडे पूर्वीपेक्षा बरेच वाढले आहेत. पंचनामा वेळेत झाला आणि पैसे लवकर हातात पडले तर विषाची बाटली उघडण्याआधी माणूस थांबतो. उशीर झाला की त्या आकड्याचा उपयोग राहत नाही.

वाघाशिवाय पर्यटन चालतं का?

महाराष्ट्रातच उदाहरण आहे. पुणे जिल्ह्यातल्या भिगवणजवळ उजनी धरणाच्या फुगवट्यावर हिवाळ्यात रोहित पक्षी येतात. तिथले मच्छीमार आपल्याच होड्यांतून लोकांना पक्षी दाखवतात. शंभरेक पक्षी नावानिशी सांगणारे नावाडी तिथे तयार झाले, काही घरांत जेवणाची-मुक्कामाची सोय झाली. राजस्थानात भरतपूरच्या केवलादेव उद्यानात सायकलरिक्षा चालवणारेच वर्षानुवर्षं पक्षी दाखवतात, आणि तिथे लोक पक्ष्यांसाठीच येतात.

गोसेखुर्दच्या काठावर पाणी आहे, मासेमारी करणारा समाज आहे, हिवाळी पक्षी आहेत आणि दोन तासांच्या आत नागपूरसारखं शहर आहे. मात्र या धरणात अनेक गावं बुडाली, पुनर्वसनाच्या तक्रारी अजून संपलेल्या नाहीत, आणि ज्यांची शेतं पाण्याखाली गेली त्यांनाच 'आता पक्षी दाखवा' म्हणणं सोपं नाही. त्यामुळे भिगवणची नक्कल जशीच्या तशी चालेल असं नाही. पण होडीचा, वाटाड्याचा आणि मुक्कामाचा पैसा या गावांत पहिल्यांदा गेला तरच ते पर्यटन त्यांचं होईल.

जंगलाच्या आतही एक नमुना आधीच आहे. वैशाखातल्या बुद्ध पौर्णिमेच्या रात्री वनविभाग पाणवठ्याशेजारच्या मचाणांवर लोकांना बसवतो. गाडी नाही, पाठलाग नाही. पाण्यावर जो येईल त्याची नोंद करायची, मग तो साळिंदर असो की मोर. त्या रात्री वाघ न दिसलेले लोकही भरलेली नोंदवही घेऊन खाली उतरतात. हाच प्रकार वर्षातून एकदाच का, आणि गाईडच्या प्रशिक्षणात पक्ष्यांची ओळख, सादांची ओळख यांना किती जागा आहे, हे विचारायला हवं. पाऊस सुरू होण्याआधी नवरंगासाठी बफर गावांतून पायी फेऱ्या का होऊ नयेत, हेही.

याला एक रास्त आक्षेप आहे. वाघामुळेच जंगलाला निधी मिळतो, संरक्षण मिळतं, बाकीचे प्राणी त्याच्या छत्राखाली जगतात. हे खरं आहे. पण ते छत्र फाटकाच्या आत आणि व्याघ्र प्रकल्पांभोवती जास्त दाट असतं, भाताच्या बांधीवर राहणाऱ्या सारसापर्यंत ते पोहोचत नाही. शेजारच्या गोंदिया-भंडाऱ्यात सारसांची संख्या काही दशकांवर आली तेव्हा २०२१ मध्ये याच नागपूर खंडपीठाला त्यांच्यासाठीही स्वतःहून लक्ष घालावं लागलं.

पुढे कशावर लक्ष ठेवायचं?

एफ-२ चे बछडे मोठे होऊन बाहेर पडतील तेव्हा त्यांच्या वाटेत काय असेल, यावर. गोसेखुर्दच्या कालव्यांच्या सिमेंटच्या उभ्या भिंती उतरायला सोप्या, चढायला अशक्य. त्यांवर ठरावीक अंतराने उतार आणि ओलांडायला पूल लागतात. आणि नागपूर-नागभीड रेल्वे. ही जुनी नॅरोगेज गाडी भिवापूरवरून जायची, इतकी हळू की जनावराला बाजूला व्हायला वेळ मिळे. नोव्हेंबर २०१९ मध्ये ती बंद झाली आणि महारेलने ब्रॉडगेजचं काम हाती घेतलं. उमरेड ते नागभीड हा टप्पा अभयारण्याच्या अगदी जवळून जातो. वन्यजीव अभ्यासकांनी इथे उन्नत मार्ग आणि पुरेसे रुंद भुयारी मार्ग मागितले आहेत. भिवापूरला रेल्वे हवी आहे आणि ती मिळायलाच हवी, मिरची असो की कॉलेजला जाणारी पोरं. मात्र पुलाखालची जागा मोजताना रानगव्याच्या कळपाची आणि अस्वलाच्या रात्रीच्या फेरीची रुंदी धरली आहे का, हे रूळ टाकण्याआधीच तपासावं लागेल.